घड्याळ चालू झालं की…

"अहो, तो डबा असा आपटू नका!"

रत्नागिरीच्या रामआळीतल्या गुरुप्रसादकाकांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, श्रावणातल्या एका दुपारी, आफरीन स्टुलावरून अशी काही उडी मारून उठली की काउंटरवर पत्र्याचा बिस्किटांचा डबा ठेवणारा तरुण दोन पावलं मागेच सरकला.

"आपटला कुठे? ठेवला," तो म्हणाला.

"आतून काचेचा आवाज आला."

"मग कान छान आहेत तुमचे…" तो हसला. बाहेर ऊन-पाऊस एकदमच पडत होता, त्याच्या केसांवर थेंब होते, आणि आफरीनने ते पाहिले. पण नंतर. आधी तिने डब्याचं झाकण उघडलं.

कापसात बोटाच्या दोन पेरांएवढ्या काचेच्या नळ्या झोपल्या होत्या. खाली तारांचे पाय, आणि आत केसासारख्या बारीक तारा इंग्रजी आठाच्या आकारात ताणलेल्या.

"या अल्ला!" आफरीन म्हणाली आणि मटकन खाली बसली. आता ती बसली, हीच मुळात मोठी गोष्ट. तिच्या कोकणनगरात कुणालाही विचारा, ही पोरगी चहासुद्धा उभ्याने पिते.

गुरुप्रसादकाका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगो, काय झालं? साप निघाला की सोनं?"

"काका, ट्यूबा! माझ्या घड्याळाच्या!"

ते घड्याळ म्हणजे आफरीनचं वेड. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती काकांच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर काम करायची, आणि उरलेल्या वेळात एक किट तयार करत होती. खोक्यातून सुटे भाग यायचे आणि हौशी माणसाने घरी बसून स्वतःच्या हाताने घड्याळ जोडायचं. आकडे मात्र हल्लीच्या भगभगीत दिव्यांचे नकोत. या जुन्या ट्यूबांचे हवेत, ज्यात तार तापून पिवळसर, मऊ उजेड देते. कुठून कुठून शोधून तिने चारच मिळवल्या होत्या. त्या टेबलावर तारांनी जोडून तिने घड्याळ चालवूनही पाहिलं होतं. पण चार ट्यूबांचं एक घड्याळ होतं, किट होत नाही. आता ट्यूबा बनतच नाहीत.

"विकणार?" तिने विचारलं.

"आधी सांगा तरी हे आहे काय! अब्बांनी जहाजावर असताना ओडेसाहून आणलं होतं, रेडिओचे दिवे समजून. अम्मी म्हणते फेकून दे."

आफरीनने एक ट्यूब अलगद उचलली, पायांना वीज दिली. आधी काहीच नाही… मग एक तार लालसर झाली, मग दुसरी… आणि काचेत सात उमलला.

"अरे व्वा," तो हळूच म्हणाला. पण तो बघत होता तिच्याकडे. काकांच्या ते बरोबर लक्षात आलं, आणि त्यांनी उगाचच खोकून घेतलं.

त्याचं नाव अद्नान. इथल्याच राजिवड्याचा. मालवाहू जहाजावर कुक. सध्या सुट्टीवर, आणि कंपनीचा फोन कधीही येईल अशी स्थिती.

"विकत नाही," तो म्हणाला. "देतो. पण पहिलं घड्याळ मी जोडणार."

"तुम्हाला येतं?"

"मला बिर्याणी येते."

"मग उत्तम!" आफरीन खुश झाली. "मला असाच माणूस पाहिजे, ज्याला काही म्हणजे काहीच येत नाही. तुम्ही कुठे चुकला, तर चूक तुमची नाही, माझ्या माहितीपत्रकाची."

"म्हणजे मी कितीही चुकलो तरी दोष तुमचा? लग्नाआधी एवढी सूट कोण देतं हो…"

आफरीनचे कान तापले. काका पुन्हा खोकले.

*

तेव्हापासून अद्नान रोज दुपारी यायला लागला. सर्किटचे बोर्ड छापून यायचे होते, तोवर तारांना सोल्डरचे डाग मारायची प्रॅक्टिस. तो येताना कधी नारळाच्या रसातल्या गोड खापरोळ्या आणायचा, कधी नुसताच यायचा. आणि तो येईपर्यंत आफरीनचं चित्त थाऱ्यावर नसायचं. दारापर्यंत जा, परत ये, सापडलेला स्क्रू पुन्हा हरवून ठेव…

"ट्यूब बंद असली तरी गरम का लागते गं?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मुद्दाम ठेवलीय. थंड तारेत एकदम वीज सोडली की तिला दणका बसतो, एक दिवस तुटते. म्हणून विझलेल्या तारेलाही अगदी थोडी वीज द्यायची. उजेड दिसत नाही, पण धग राहते."

"हुशार आहेस."

"माहितीय."

"जहाजावर घड्याळाचं फार वाईट असतं," तो सोल्डरच्या धुराकडे बघत म्हणाला. "जहाज पुढे जाईल तसा एकेक तास मागे-पुढे करत राहायचं. मग घरी आत्ता किती वाजले, अम्मी झोपली की जेवली, काही कळत नाही. बोटावर मोजायचं."

आफरीनने त्याच्या कपातला चहा पिऊन टाकला.

"आफरीन… मला तुला एक विचारायचंय."

"विचार."

"आत्ता नाही. घड्याळ चालू झालं की विचारतो."

झालं! आता तुम्हीच सांगा, एरवी ज्या मुलीला दळण येईपर्यंत धीर नसतो, तिला असं सांगतात का? त्या दिवसापासून तिचं जेवण गेलं, झोप उडाली. आणि दुकानात कुणाचाही फोन वाजला की दोघंही दचकायचे. कंपनीचा तर नाही ना?

*

बोर्ड आले. हिरवे, गुळगुळीत, कोपऱ्यात तिच्या नावासकट. अद्नानने जीभ दाताखाली धरून, बटणं तेवढी सोडून, एकेक भाग जोडला, शेवटी पहिली ट्यूब. आफरीनने वीज दिली.

एकाच्या जागी मोडका चौकोन उमटला. दोनाच्या जागी भलतंच काही.

"मी चुकलो?" अद्नानने विचारलं.

आफरीनने ट्यूब पाहिली, बोर्ड पाहिला, आणि कपाळावर हात मारला. ट्यूब पालथी करून, पायांकडे बघत तिने बोर्डाचं चित्र काढलं होतं. पण बोर्डावर ट्यूब उभी बसते; डाव्याचं उजवं करायला हवं होतं. ते करायचं राहिलं. सगळेच्या सगळे बोर्ड उलटे.

"नवे छापून यायला किती दिवस?" काकांनी विचारलं.

"आठवडे," ती कशीबशी म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच अद्नानचा फोन वाजला. तो बाहेर पागोळ्यांखाली उभा राहून बोलला, आत आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दोघांनाही कळलं.

"उद्या संध्याकाळची गाडी. मुंबईहून पुढे विमान. नऊ महिने…"

"मग विचार ना आत्ता!" आफरीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळे भरून आले, आणि रडताना दिसायचं नव्हतं म्हणून ती "मला काम आहे" म्हणत तरातरा निघून गेली. वेडीच!

सकाळी ती घरातून बाहेर पडत होती, तर अम्मीने, शमीमबींनी, दारातच अडवलं. "कुठे लक्ष आहे तुझं? ओढणी उलटी घेतलीस. सगळे धागे बाहेर. परतव आधी."

आफरीनने ओढणी परतवली. जरीची फुलं वर आली, धागे मागे गेले… आणि ती तिथेच खिळली.

"अम्मी!" तिने आईचा गालगुच्चा घेतला. "तू जीनियस आहेस!"

"हिला काय झालं?" शमीमबी भिंतीला विचारत राहिल्या, पोरगी केव्हाच रिक्षात बसली होती.

दुकानात पोचताच तिने ट्यूब काढली आणि तीच ट्यूब बोर्डाच्या मागच्या बाजूने बसवली. उलट्याचं उलटं, म्हणजे सुलट! एक पेटला. दोन पेटला. भराभर तिने उरलेल्या तीनही बसवल्या. आता आकडे सगळे नीट. फक्त मिनिटं आधी, तास शेवटी. तेवढा क्रम तिने प्रोग्राममध्ये फिरवला, वेळही तिथूनच लावली, आणि वीज गेली तरी ती चालू राहावी म्हणून एक सेल बसवला. आणि गंमत म्हणजे, बाकीचे सगळे भाग आता मागे लपले होते. समोर नुसत्या चार ट्यूबा. तिने मुद्दाम ठरवून काढलं असतं, तरी इतकं देखणं झालं नसतं.

दुपार कलली तेव्हा अद्नान आला. खांद्यावर बॅग, चेहरा उतरलेला. टेबलावर चार वाजून दहा मिनिटं मंद पेटली होती. तो बघतच राहिला.

"चालू झालं," आफरीन म्हणाली. "विचार."

"अं… हे… जहाजाच्या व्होल्टेजवर चालेल का?"

"हा तुझा प्रश्न?"

"नाही… म्हणजे… त्याला अलार्म आहे का?"

"अद्नान!" आफरीन इतक्या जोरात ओरडली की समोरचा कापडवाला डोकावला. "मी रात्र-रात्र झोपले नाही, जेवले नाही, आणि तू अलार्म विचारतोस? ऐक. मला तू आवडतोस. खूप आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आता बोल काय बोलायचंय ते!"

काका खोकले नाहीत. ते चष्मा पुसत दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

अद्नानच्या हातातून बॅग गळून पडली. "हेच… हेच विचारायचं होतं गं. पण भीती वाटली. नऊ महिने थांब असं कुठल्या तोंडाने सांगू? तुला तर नऊ मिनिटं धीर नाही."

"थांबायला सांगितलंस तर थांबेन. चकरा मारत थांबेन, पण थांबेन." तिने डोळे पुसले. "तुझे अब्बा आमच्याकडे मागणी घालायला कधी येतायत?"

"मी परत आल्यावर…?"

"आज. तुझी गाडी सुटायच्या आत. राजिवड्याहून कोकणनगर किती लांब आहे रे?"

तो हसायला लागला, आणि हसता हसता फोन लावून "अब्बा, चांगला सदरा घाला" एवढंच म्हणाला.

आफरीनने घड्याळ कापसात गुंडाळलं, ओडेसाच्या त्याच डब्यात ठेवलं आणि त्याच्या हातात दिलं. उरलेल्या ट्यूबा किटसाठी तिच्याकडे राहिल्या. अद्नानने डबा उघडून बोर्ड उलटा करून पाहिला, तर मागची दोन भोकं रिकामी.

"वेळ बदलायची बटणं लावायची राहिली तुझी."

"राहिली नाहीत, मी लावलीच नाहीत. जहाज जाऊ दे कुठे जायचं तिथे. यात रत्नागिरीचेच वाजतील."