बोलण्याआधीचा श्वास

विमानातला बिघाड शोधणं म्हणजे बरंचसं घरात हरवलेला चष्मा शोधण्यासारखं असतं. जिथे तो असणं शक्यच नाही अशी आपली खात्री असते, तिथेही हात घालून बघावं लागतं. त्यात गूढ काही नसतं. वायर घासलेली असते, पिनेवर गंज चढलेला असतो, नाहीतर कुणीतरी स्क्रू पिळायला विसरलेला असतो. इतकी वर्षं हे काम केलं, पण कारण नसलेला बिघाड माझ्या वाट्याला आला नव्हता.

आमच्या हँगरमध्ये एक छोटं खासगी जेट आहे. पांढरंशुभ्र, आठ जणांचं, आत मऊ चामड्याच्या खुर्च्या. मालक कुणी बडे उद्योजक आहेत. विमानातले रेडिओ, रडार, पडदे, वायरी असं सगळं माझ्याकडे. इंजिनं, चाकं आणि ब्रेक मिस्त्रींकडे. आणि ते उडवतो माझा धाकटा भाऊ.

भावाला मी चिमण्या म्हणते. सहा फूट उंच, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेल्या माणसाला भर हँगरमध्ये अशी हाक मारली की बाकीचे गालातल्या गालात हसतात. हसेनात का. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचे डबे भरले मी, ताप आला की उशाशी बसले मी, आणि तो पहिल्यांदा एकटा उडाला तेव्हा धावपट्टीच्या कडेला जीव मुठीत धरून उभी होते तीही मीच. माझं म्हणून जे काही आहे ते तो आहे. म्हणून आमच्यात एक ठरलेलं आहे: मला न उमगलेला बिघाड घेऊन तो उडत नाही. विमान सोडण्याची सही माझी असते, आणि मनाचं समाधान झाल्याशिवाय मी ती करत नाही. हँगरचे साहेब कुरकुर करतात, पण आजवर त्यांनी कधी माझा हात धरून सही करून घेतली नाही. त्यांचे उपकार मी मानते.

एका सोमवारी तो उड्डाण संपवून उतरला आणि जिन्याच्या पायरीवरच थांबला. "ताई, इंटरकॉममध्ये कुणीतरी श्वास घेतंय," म्हणाला.

म्हटलं, मग घेऊ दे की, नाही घेतला तर काळजी. तो हसला नाही.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. कानाला हेडसेट लावून काम करताना समोरच्याचं तोंड दिसत नाही. मी शेपटीपाशी वायरीत डोकं घालून बसलेली असते आणि तो पुढे कॉकपिटमध्ये. दोघं एकदम बोललो तर दोघांचंही ऐकू येत नाही. पण बोलण्याआधी प्रत्येक माणूस एक छोटासा श्वास आत ओढतो, आणि माइकवर तो स्पष्ट येतो. तो ऐकू आला की आपण थांबायचं, तोंडातला शब्द आणि हातातलं कामसुद्धा. समोरच्याला काय सांगायचंय ते आधी ऐकायचं. मी शिकले ती अशीच, आणि चिमण्यालाही मीच असं शिकवलं. आता ते इतकं अंगात मुरलंय की आम्ही ठरवून थांबत नाही, थांबलं जातं.

तर त्याचं म्हणणं असं की दिवसभर त्याला तसा श्वास ऐकू येत होता. तो थांबायचा. शेजारचा वैमानिकही थांबायचा. दोघं एकमेकांकडे बघायचे आणि कुणीच काही बोलायचं नाही.

मी कामाला लागले. आमच्याकडे बिघाड पकडायची एक सोपी रीत आहे. डाव्या आणि उजव्या वैमानिकापुढे अगदी सारखी खोकी असतात. त्यांची अदलाबदल करायची. बिघाड खोक्याबरोबर पलीकडे गेला तर खोकं खराब. जागच्या जागी राहिला तर वायर खराब. मी हेडसेट बदलले, ऑडिओ पॅनेल इकडची तिकडे केली, कनेक्टर पुसून पुन्हा बसवले. प्रत्येक वेळी चिमण्याला डाव्या खुर्चीत बसवून मी उजवीकडे बसायची आणि आम्ही मुकाट्याने वाट बघायचो. थोड्या वेळाने यायचाच. हलकासा, नाकातून घेतलेला, घाई नसलेला श्वास. समजूतदार माणूस मध्ये बोलण्यापूर्वी घेतो तसा.

मिस्त्री खाली चाकांशी ब्रेकच्या नव्या चकत्या बसवत होते. ते मला डॉक्टरीणबाई म्हणतात, कारण मी सदा कानाला काहीतरी लावून विमानाची नाडी बघत असते. "पेशंटला सर्दी झालीय, वाफ द्या," त्यांनी खालून सल्ला दिला.

मग मी भावाशी जागेची अदलाबदल केली. ते फारसं शास्त्रशुद्ध नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. तो उजवीकडे गेला आणि श्वास उजवीकडून यायला लागला. डावीकडून काही नाही. पुन्हा बदललो, पुन्हा तेच. तो चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा मी एकटीच दोन्ही खुर्च्यांत बसून ऐकत राहिले. दोन्ही बाजू स्वच्छ होत्या.

बिघाड खोक्यामागे गेला नव्हता आणि जागेवरही राहिला नव्हता. तो माझ्या भावामागे जात होता.

साहजिकच मला वाटलं, श्वास त्याचाच. परत आल्यावर मी त्याला नाकतोंड दाबून बसायला लावलं. तो लालबुंद होईपर्यंत बसला, आणि तेवढ्यात श्वास आला. मग मी त्याचा माइक उपसून काढला. माझाही काढला. आता त्या इंटरकॉमला तोंडच उरलं नव्हतं. कान होते फक्त. आवाज आत शिरायला वाट नव्हती.

तरी तो आला. नेहमीपेक्षा जरा जवळून.

चिमण्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी दिवे गेले की बघायचा तसं. मी उगाच एक कनेक्टर पुन्हा पिळला.

मी मिस्त्रींना वर बोलावलं. हेडसेट त्यांच्या कानाला लावला आणि काही न सांगता ऐका म्हटलं. ते तोंडावर ठेवणीतलं हसू घेऊन ऐकत राहिले. मग ते हसू हळूहळू उतरलं. त्यांनी हेडसेट काढला, नीट पुसला आणि हुकला लावला.

"बाई, यावर मी काही विनोद करणार नाही," एवढंच बोलून ते खाली गेले.

खरं सांगायचं तर, तो आईचा आहे असं मानायला मला फार आवडलं असतं. कुणाला नाही आवडणार? पण आईला दमा होता. तिचा श्वास मी रात्र रात्र ऐकलेला आहे, हजार माणसांत ओळखेन. हा तिचा नव्हता. हा मी कधीच न ऐकलेला, कुणा परक्याचा श्वास होता.

शुक्रवारी मालकांना बाहेरगावी जायचं होतं. साहेब येऊन म्हणाले की नुसता श्वासच तर आहे, विमान थोडंच पडणार आहे त्याने, सही करून टाका. मी नाही म्हटलं. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि गुरुवारपर्यंत वेळ दिला. मी सगळी वायर शेपटीपासून नाकापर्यंत हाताने चाचपली. दोष सापडला नाही.

गुरुवारी शेवटचा उपाय म्हणून इंजिनं चालू करून, विमान चालतं ठेवून ऐकायचं ठरलं. मिस्त्रींचे नवे ब्रेकही तपासायचे होतेच. त्याची पद्धत अशी की रिकाम्या रनवेवर विमान जोरात पळवायचं आणि मग दाबून थांबवायचं. चिमण्या डावीकडे बसला, मी उजवीकडे. संध्याकाळ व्हायला आली होती. रनवेच्या टोकाशी वळून उभे राहिलो तर सूर्य बरोब्बर समोर, काचेत भरलेला. चिमण्याने उन्हासाठीची झडप खाली ओढली, तरी पुढचं सगळं नुसतं पिवळं दिसत होतं. टॉवरने सांगितलं, रनवे मोकळा आहे, जा.

चिमण्याने डावा हात सुकाणूवर आणि उजवा इंजिनांच्या दांड्यांवर ठेवला. "चला" म्हणायला त्याने तोंड उघडलं.

श्वास आला.

इतका जवळून की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आम्ही दोघंही थांबलो. तो मला वाटला त्याचा, त्याला वाटला माझा. त्याचा हात दांड्यांवर तसाच राहिला. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. बोल ना, असं आम्ही डोळ्यांनीच एकमेकांना म्हणत होतो.



समोरच्या पिवळ्या उजेडात काहीतरी काळं हललं. गवत कापायचा ट्रॅक्टर. तो आडवा, सावकाश, रनवे ओलांडत होता. वर बसलेल्या माणसाची पाठ आमच्याकडे होती. त्याचा रेडिओ बंद पडला होता, हे नंतर कळलं.

टॉवरचा "थांबा, थांबा" त्यानंतर आला.

चिमण्याचा हात अजून तिथेच होता. मी तो दांड्यांवरून उचलून माझ्या हातात घेतला. त्या क्षणी दांड्या पुढे गेल्या असत्या तर आम्ही ट्रॅक्टरपाशी पोचेपर्यंत नव्या ब्रेकनीही काही झालं नसतं. मी, तो, आणि पाठमोरा बसलेला तो बिचारा माणूस, कुणीच उरलं नसतं.

"ताई, थँक्यू," तो म्हणाला. "तू थांबवलंस."

"मी नाही रे."

मग मी माइक तोंडाजवळ ओढला. माझं सगळं आयुष्य मोजण्यात, तपासण्यात गेलं. मी अशा गोष्टी बोलणारी बाई नाही. तरी म्हटलं, तुम्ही जे कुणी आहात, तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, पण माझा भाऊ माझ्या शेजारी बसलाय, याच्यापुढे मला आणखी काही नको.

आणि मग आम्हा दोघांना ऐकू आलं. आजवर कधी न आलेला आवाज. श्वास सोडल्याचा. लांब, दमलेला, सावकाश. काम झालं की माणूस सोडतो तसा.

त्यानंतर इंटरकॉम स्वच्छ झाला. मी शुक्रवारी सकाळी पुन्हा ऐकलं, चिमण्याला दोन्ही खुर्च्यांत बसवून. काही नाही. मिस्त्रींनी ऐकलं आणि नेहमीसारखे म्हणाले, पेशंटला डिस्चार्ज द्या. मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच न उमगलेल्या गोष्टीवर सही केली, आणि मनाला जराही टोचणी नव्हती. विमान गेलं, आलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलं, आलं. मी त्या दिवसांत फार सुखात होते. स्वयंपाक करताना गुणगुणायची. चिमण्या जेवताना नुसता भात चिवडत बसला तरी त्याच्याकडे बघून पोट भरायचं.

परवा त्याला सुट्टी होती. मित्राकडे जातो म्हणून सकाळीच निघाला. जिन्यात लख्ख ऊन होतं. तो मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत खाली उतरायला लागला. मी दारात उभी होते. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नेहमीप्रमाणे "सावकाश जा" म्हणायला मी तोंड उघडलं.

माझ्या कानाला काही लावलेलं नव्हतं. तरी तो आला, अगदी मागून, घरातून. नाकातून घेतलेला, घाई नसलेला.

मी थांबले.

जिन्यात चिमण्याही थांबला होता, एक पाय खालच्या पायरीवर. त्याने मान वळवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून, मागे, खोलीत बघत होता.

"बोला ना," तो हळूच म्हणाला. मला तो कधीच अहो-जाहो करत नाही.

त्याच्या हातातली किल्ली मी काढून घेतली. त्याला दंडाला धरून वर आणलं, घरात घेतलं आणि दाराला आतून कडी लावली. मग आम्ही भिंतीला टेकून खाली बसलो. मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा आभार मानत होते, आणि कान देऊन वाट बघत होते.

दुपार झाली, ऊन जिन्यातून निघून गेलं. श्वास सोडल्याचा आवाज काही आला नाही.