एक पाटा लावायचाय

गाडीच्या पोटाखाली ‘खर्रर्र’ झालं आणि अपेक्षानं डोळे मिटून घेतले.

तोच ओढा, तोच दगड. आंदर मावळातल्या सगळ्यात वरच्या वाडीचं दूध घेऊन ती रोज या उतारावरून यायची आणि रोज पिकअपचं पोट या दगडाला घासायचं. आज मात्र गाडी चक्क त्याच्यावर बसली. भादवा सरत आलेला. पाऊस नुसता भुरभुर... ऊन मध्येच डोकावायचं आणि लाजून ढगात जायचं. दोन्ही बाजूंच्या खाचरांत इंद्रायणी भात निसवून लोंब्या धरायला लागलेलं, आणि त्याचा वास असा दरवळत होता, की आपण अडकलोय हे माणसानं विसरूनच जावं.

मागून एक मोटारसायकल आली, थांबली. उतरलेल्या तरुणानं अपेक्षाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ओल्या रस्त्यावर पालथा झाला आणि गाडीखाली डोकं घातलं.

“पाटे पार बसलेत हो,” खालून आवाज आला.

“कोन बसलंय?”

“पाटे. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या असतात ना, एकावर एक... गाडी पेलणाऱ्या. त्यांचा बाक गेलाय. सपाट झालेत.” मग तो बाहेर आला. कपाळावर चिखल, कोपरावर ग्रीस. आणि पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि पुढचं बोलायचं राहूनच गेलं.

अपेक्षाला हसू आलं. एरवी लोक आधी बाई बघायचे, मग गाडी, मग पुन्हा बाई. याचा क्रमच उलटा.

त्याचं नाव सुहास. घर लोणावळ्यात, पाट्यांचं वर्कशॉप कामशेतला. पिकअपच्याच जॅकनं आणि चार दगडांच्या आधारानं गाडी निघाली. “वर्कशॉपला या एकदा,” तो म्हणाला. “थोडी उचलून देतो.”

“थोडी न्हाई,” अपेक्षा स्टार्टर मारत म्हणाली, “लय उचला.”

त्या दिवशी वडगावच्या डेअरीपर्यंत ती उगाचच गुणगुणत गेली. आणि डेअरीच्या फाटकाशी पोहोचल्यावर एकदम गप्प झाली.

गप्प होण्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा रतन साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. मागे राहिल्या दोघी, अपेक्षा आणि तिची सासू सरूबाई. दोन म्हशी, थोडं भात आणि रतनची ही पिकअप. माहेरच्यांनी दोनदा स्थळं आणली, अपेक्षानं दोनदा परत पाठवली. दुसरं लग्न करायचं म्हणजे हे घर सोडायचं आणि सरूबाईला एकटीला टाकायचं. ज्या बाईनं आपलं दुःख गिळून सुनेच्या हातात गाडीची किल्ली दिली, शेजारून लायसनचा फॉर्म भरून आणला, तिला टाकायचं? छे! तो विषय अपेक्षानं कुलपात घातला होता. आता कोणी कपाळावर चिखल लावून ते कुलूप हलवायला आलं, तर धडधड व्हायचीच.

तरी ती वर्कशॉपला गेली. गाडीसाठीच गेली... असं ती स्वतःला सांगत होती.

“चार इंच उचला,” तिनं हुकूम सोडला. “कुरवंड्याच्या जीपा असत्यात ना, पर्यटकांना घिऊन फिरनाऱ्या, तशी.”

“त्या मीच उचलल्यात,” सुहास म्हणाला. “शनिवार-रविवार पळतात, बाकी दिवस उभ्या. तुमची रोजची आहे. चार इंच उचलली तर वळणावर दुधासकट कलेल, खालचे जॉइंट खाईल आणि स्टेअरिंग हातात नाचेल. बरं, शेजारच्या सीटवर कोण बसतं?”

“आत्या. माज्या सासूबाई.”

“त्यांचे गुडघे कसे आहेत?”

अपेक्षानं भुवई उंचावली. “तुमी गाडी दुरुस्त करता का सोयरीक जमवता?”

“दोन्हीत आधी माणसं बघावी लागतात,” तो म्हणाला. बोलून गेला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माप घ्यायचं म्हणून तो तिच्याबरोबर गाडीत बसूनच निघाला. काचेवर धुकं साचायचं, ती फडक्यानं पुसायची. तो तिची बाजू सोडून बाकी सगळीकडे बघायचा. बांधावर सोनकी फुललेली, दरडीवर तेरडा. एका वळणावर दोघांनी एकदमच “बघा—” म्हटलं आणि दोघंही थांबली. काय बघायचं होतं ते दोघंही विसरली.

वरच्या वाडीत हिरामावशी दुधाचा भरलेला कॅन छातीशी धरून आली. दुसरीनं खालून हात लावला. दोघींनी “हं!” करून तो गाडीच्या हौद्यात चढवला. सुहास टेप घेऊन उभा होता. त्यानं हौद्याची उंची मोजली, मग हिरामावशीच्या खांद्याकडे पाहिलं, मग पुन्हा टेपकडे.

“मावशी, हा हौदा चार बोटं वर गेला तर?”

“तर तूच येत जा बाबा रोज उचलाया,” हिरामावशी म्हणाली, आणि सगळ्या बाया खिदळल्या.

येताना ओढ्यातल्या दगडाशी तो उतरला, पोट आणि दगड यांच्यामध्ये हात घालून बघितला. “दीड इंच,” तो म्हणाला. “दीड इंच पुरेल. जुन्या पाट्यांना तापवून नवा बाक देतो, वर एक पाटा वाढवतो. पुढे उंचीला दोन चकत्या. दगडही चुकेल आणि बायांचे खांदेही सुटतील.”

“येवडंच?”

“रोज वापरायची गोष्ट आहे. थोडीच उचलावी.”

 चार इंच मागायला गेलेली बाई दीड इंचावर राजी झाली होती, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं. उलट, आपल्या म्हातारीचे गुडघे ज्यानं न बघता मोजले, त्याच्या शेजारी रस्ता फार लवकर संपला याचंच वाईट वाटत होतं.

आता पुढची हकिकत.

ठरल्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये उभी. भट्टीत पाटा लालबुंद झालेला, सुहास घण घालत होता, ठण्ण... ठण्ण... रतनच्या मागे गाडी सरूबाईच्या नावावर झालेली, म्हणून पाटा गाडीला चढवण्याआधी तिला विचारायला हवं. अपेक्षानं फोन लावला. तिच्या फोनचा कानाशी धरायचा आवाज गेलेला, म्हणून स्पीकरवर.

“आत्या, गाडीला—” ठण्ण! “—पाटा लावायचाय म्हनते. हे म्हनतात, आजच लावून टाकू. तुमची परवानगी असली तर.”

मावळातल्या जुन्या माणसांच्या तोंडी विधवेच्या दुसऱ्या लग्नाला शब्द आहे, ‘पाट’. पाट लावला म्हणजे लग्न लावलं. घणाखाली ‘गाडीला’ गेलं, ‘पाटा’चा काना गेला, आणि वर ते ‘हे’! बायका ‘हे’ कुणाला म्हणतात ते काय सरूबाईला सांगायला हवं?

 फोनमधून सरूबाईचा भरून आलेला आवाज आला.

“लाव गं बाई. लाव. चार वर्सं वाट बघतीय मी... तू तोंड उघडंना, आन मी उघडलं तर तुला वाटायचं, म्हातारी घराभाईर काडतीय. मानूस बरा हाय का?”

घण थांबला. चिमट्यातला पाटा निवत चालला तरी सुहासचं लक्ष नव्हतं. अपेक्षाचा चेहरा त्या पाट्यापेक्षा लाल.

“आत्या... पाटा. गाडीचा पाटा.”

“गाडीचा?”

“व्हय.”

“...गाडीचा व्हय,” सरूबाई म्हणाली. त्या ‘व्हय’मध्ये इतकी निराशा होती, की हसायची कोणाचीच छाती झाली नाही.

काम झालं. दोघं एकमेकांशी शक्य तितकं कमी बोलली. निघताना सुहास खिडकीशी आला. “काही वाजलं तर—” तो म्हणाला. “यीन,” ती म्हणाली. पण गाडी झकास चालत होती. ओढा आला, दगड आला, आणि गाडी अलगद त्याच्यावरून निघून गेली. अपेक्षाला मनापासून वाटलं, मेली, जरा तरी घासायची!

घरी सरूबाईनं दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे म्हणाली, “चुकून का हुईना, मी बोलले ते खरं बोलले.”

“मी कुटं जानार न्हाई,” अपेक्षा म्हणाली.

“तुला तो आवडतो का न्हाई, येवडंच सांग.”

अपेक्षा भाकरी थापत राहिली. भाकरी फिरेना, चिकटायला लागली. “आवडतो,” ती शेवटी म्हणाली, आणि रडायला लागली. “लय आवडतो, आत्या. पन तुमाला टाकून न्हाई जानार.”

सरूबाईनं तिची परात पुढे ओढली आणि बाकीच्या भाकऱ्या स्वतः थापल्या.

बाजारच्या दिवशी सरूबाईनं नवं लुगडं नेसलं आणि फर्मावलं, “मला कामशेतला न्हे. गाडी वाजतीय.” गाडी काही वाजत नव्हती. पण त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती कोणाचा हात न धरता सीटवर चढून बसली, आणि बसल्यावर स्वतःच नवल करत राहिली.

वर्कशॉपमध्ये सुहास धावतच पुढे आला. “काय वाजतंय मावशी?”

“गाडी न्हाई, माजं काळीज वाजतंय,” सरूबाई जुन्या टायरवर ऐसपैस बसली. “ही पोरगी म्हनती, मला सोडून कुटं जानार न्हाई. मी म्हनते, माज्यापायी तू अशी ऱ्हाऊ नगंस. दोगी अडून बसलोय. आता तू शिकलेला मानूस. सांग ह्याला उपाव.”

सुहासनं हात पुसले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले. बाहेर बाजार भरलेला, कोणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं.

“उपाय आहे मावशी,” तो म्हणाला. “त्यांनी कुठं जायलाच नको. मी येतो.”

“कुटं?”

“तुमच्याकडं. माझ्या घरी आई-बाबांना बघायला भाऊ-भावजय आहेत. वर्कशॉप काय, तुमच्या घरनंही जवळच पडेल. ठेवून घ्याल का?”

“लोकं घरजावई म्हनतील.”

“म्हणतील,” सुहास म्हणाला. “मग नवीन काही सापडलं की ते म्हणतील.”

सरूबाईनं पदर डोळ्यांना लावला. अपेक्षा गाडीला टेकून उभी होती. तिनं पायातली चप्पल उगाचच काढली, पुन्हा घातली.

“आन मला कुनी इचारायचं का न्हाई?” ती म्हणाली.

सुहास वळला. “तुम्हालाच विचारतोय,” तो म्हणाला. “धीर होत नव्हता, म्हणून तोंड मावशींकडे होतं. मला तुम्ही आवडता. गाडीखालून बाहेर आलो ना त्या दिवशी... तेव्हापासून. नाही म्हणालात तरी आवडाल.”

भट्टीचा धूर, तापल्या लोखंडाचा वास, पत्र्यावर वाजणारी भुरभुर... अपेक्षाला वाटलं, हे सगळं असंच थोडा वेळ थांबावं. इतकी वर्षं जे बोलायला ती घाबरत होती, ते आता जिभेवर येऊन बसलं होतं, अगदी साधं होऊन.

“मी पहाटं पाचला निघते,” ती म्हणाली. “रोज. पावसाचं, थंडीचं, सनावाराचं. दुधाला सुट्टी नसती.” मग मान वर करून थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं. “उठशील?”

सुहास नुसता बघतच राहिला.

“अरं, बोल की,” सरूबाई टायरवरून म्हणाली. “ती ‘उठशील’ म्हनली तुला, ‘उठाल’ न्हाई.”