मच्छिंद्र मागून गात होता

कुणाला पटो न पटो. गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून शपथ घेत नाही. पण घडलं तेच लिहितोय.

नोव्हेंबर २००१. शुक्रवार. कतार.

मी दोह्यात ड्रायव्हर होतो. अल नस्र भागातल्या एका खोलीत आम्ही चौघं. मी, शिवराज, धोंडीराम आणि मच्छिंद्र. सुट्टीच्या दिवशी आधी कीर्तनाची कॅसेट, मग आमचं भजन. मी पुढे, तिघं मागे. सगळे थांबले तरी मच्छिंद्र शेवटचा ‘हरी’ ओढतच राहायचा.

"अरे, सोड आता हरीला!" शिवराज चिडवायचा.

आठ दिवसांनी मच्छिंद्र गावी जाणार होता. तीन वर्षांनी. लेक शालू त्याने फक्त फोटोत पाहिलेली. म्हणून त्या दिवशी आम्ही त्याला मजा करायला नेलं. फजलच्या बोटीने, पाऊण तासावरच्या एका बेटावर.

झाड नाही. माणूस नाही. नुसती वाळू.

वॉटर स्कूटरवर मच्छिंद्र असा किंचाळला, की धोंडीराम मला म्हणाला, "बुवा, हे वहिनींना सांगू नका. नवरा म्हणून घरात घेणार नाहीत!"

जेवणं झाली. मच्छिंद्रने लाइफ जॅकेट काढलं.

"शालूला शिंपले बघतो," म्हणाला आणि पलीकडच्या किनाऱ्याला गेला.

आम्ही ताडपत्रीच्या सावलीत आडवे झालो. डोळा लागला.

फजलने हलवलं तेव्हा सूर्य बुडत होता. "यल्ला, यल्ला! पानी उतर रहा है."

घाईघाईत बोटीत चढलो. मी सवयीने पुढच्या टोकाला, तोंड समुद्राकडे. बसताबसता गजर सुरू केला, "रामकृष्ण हरी..."

मागून साथ आली. सगळे थांबले. आणि मग...

"हरीऽऽऽ"

"सब आ गए?" फजलने विचारलं.

"सब हैं. चलो." मी म्हणालो.

मागे न बघता.

पाऊण तास गायलो. पाऊण तास तो आवाज मागे होता. त्या दिवशी ‘हरी’ लांबतच जात होता... मध्ये श्वास घेतल्याचं ऐकूच येत नव्हतं.

धक्का आला. शिवराज उठला.

"मच्छिंद्र कुठंय?"

"तुझ्यामागंच हाय की," धोंडीराम म्हणाला.

"माझ्यामागं? मला वाटलं इंजिनापाशी... आत्ता गात होता ना!"

इंजिनापाशी एकटा फजल. बाजूची फळी रिकामी... आणि कोरडी.

पोलिसांच्या बोटीने परत गेलो. पलीकडच्या पाण्यात तो सापडला. रुमालात बांधलेली शिंपल्यांची पुरचुंडी मुठीत घट्ट. डॉक्टर म्हणाले, दुपारी तीनच्या सुमारास गेला.

आम्ही निघालो तेव्हा पाच वाजत आले होते.

शवपेटीबरोबर मीच त्याच्या गावी गेलो. अंजना वहिनींनी एकच विचारलं.

"भावजी, त्यांना तिथं एकटं सोडून कसं आलात?"

"वहिनी... ते गात होते हो."

 शेजारी शालू त्या रुमालाची गाठ सोडवत बसली होती.

आता मी गावीच असतो. कीर्तनाला रोज जातो, पण मागे टाळ धरतो. पुढे उभा राहत नाही. गेल्या सप्ताहात कीर्तनकार बुवांनी आग्रहच केला, म्हणून एकदा उभा राहिलो.

गजर झाला. सगळे थांबले. आणि मागून...

मी वळलो नाही. जागा रिकामी दिसली असती तर?

पुढची ओळही घेतली नाही. त्याचा ‘हरी’ संपायची वाट बघत तसाच उभा राहिलो.