पिशवी आतून घासली कशी?

"बायकांनी मोटरसायकलच्या भानगडीत पडू नये," मोठे काका चहाच्या कपात पुटपुटले. शेजारीच बसलेल्या टिकलीला ते नेमकं ऐकू गेलं आणि तिचं डोकंच फिरलं!

तिची आत्या मोटरसायकलवरून गावोगाव फिरून शिलाई मशिनं दुरुस्त करायची. गेल्या आठवड्यात मागचं चाक अचानक अडलं, गाडी आडवी झाली आणि आत्याचा हात प्लास्टरमध्ये गेला. आज गाडीला काकांनी शोधलेलं गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गेली की आत्याचं फिरणं संपलं!

"आत्या, काका म्हणतात तशी तू खरंच सुसाट होतीस?"

"सुसाट? सायकलवाले पुढे जात होते गं!"

"मग चाक अडलं कशानं?"

आत्यानं नुसतं काकांकडे पाहिलं.

टिकलीनं सुट्टीला आलेल्या मावसभावांना, ढब्बूला आणि शेंगेला, अंगणात ओढलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना भल्यामोठ्या पिशव्या लटकत होत्या. काकांनीच हौसेनं आणलेल्या, काकांनीच बांधलेल्या.

"डावी पिशवी घासलीय," शेंग म्हणाला.

"पडल्यावर घासणारच की!" ढब्बू म्हणाला.

"अरे, पण चाकाकडच्या बाजूनं घासलीय! बाहेरून बघ, कोरी करकरीत; गाडी तर उजवीकडे पडली होती. रस्ता काय आत शिरला?"

"काकांनी तपासलंय म्हणे. चाकाला लागत नाही."

"रिकामी तपासली!" टिकली ओरडली. "आत्या काय हवा घेऊन फिरते? आण तिची हत्यारं!"

हत्यारं भरताच पिशवी पोटासारखी सुटली.

"हात लावू नका गाडीला!" खिडकीतून काका गरजले.

"लावणार!" टिकलीनं तसंच जोरात सांगितलं. "ढकला रे!"

गाडी फाटकाच्या उंबऱ्यावरून धपकन उतरली. पिशवी आत झुलली. खर्रर्र! चाक जागच्या जागी अडलं!

फाटकात गाडी घ्यायला आलेला माणूस उभा होता. "शाबास पोरांनो!" तो म्हणाला. "पिशवी आणि चाकाच्या मध्ये लोखंडी चौकट लागते. दुकानदार बोलला नाही?"

"बोलला होता," धावत आलेले काका खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, उगाच माल गळ्यात मारतोय."

मागोमाग आलेली टिकलीची आई उगाचच पदर सारखा करत राहिली.

दारातून आत्या पुढे आली. प्लास्टरचा हात छातीशी, मान ताठ.

"दादा, मी पडले नव्हते. तू पाडलंस मला. आणि गाडी विकायची नाही."