सातव्या उदाहरणातला मोरचूद

बारामतीतल्या एका झेरॉक्सवाल्याच्या हातून कागदांची अदलाबदल झाली, आणि दोन माणसांची झोप उडाली. मेघनानं दिली होती भरतीच्या क्लाससाठी काढलेली शाब्दिक उदाहरणं. तिच्यामागं उभ्या असलेल्या उंच, सावळ्या मुलानं दिला होता डाळिंबाच्या बागेचा सातबारा. गर्दीत दोघांनी त्यानं पुढं केला तो गठ्ठा उचलला. तिच्या कागदांवर क्लासचा नंबर होता; संध्याकाळी तिचा फोन वाजला.

"मॅडम, मी अविराज, वरकुट्याचा. तुमची शेकडेवारी माझ्याकडं आलीय."

"आणि तुमचा सातबारा माझ्याकडे! आणून देता का?"

"देतो की. पन आधी ही गणितं सोडवतो. फुकट कागद ठेवून घेतला असं नको व्हायला."

कागद परत गेले, पण गणितं काही थांबली नाहीत. रोज सकाळी एक उत्तर यायचं, बहुतेक वेळा चुकलेलं. ती दुरुस्त करायची, तो मुद्दाम पुन्हा चुकायचा... मेघनाला कळत होतं सगळं. क्लासमध्ये तीस पोरांना गुणोत्तर समजावणारी ही मुलगी फोन वाजला की फळ्यावरचं वाक्य अर्धंच सोडायची. प्रेमात पडली होती, दुसरं काय!

अविराजनं तिला एकच गोष्ट मनापासून सांगितली होती. सहा वर्षं चाकणच्या कंपनीत काढून तो गावी परतला होता. वडील रावजी, त्याचे आबा, म्हणजे हट्टी माणूस. "हा एक बहार तुझा," ते म्हणाले होते. "जमला तर बाग तुझी. न्हाय जमला तर गप कंपनीत जायचं." चाकण हे नावच मेघनाला नको वाटायचं. तिथनं उत्तरं पाठवायला कुणाला वेळ मिळतो?

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी साडेसहाला मेसेज आला. 'आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ताईकडं गेलेत. आज बुरशीची फवारणी मीच करणार. तुमच्या सातव्या उदाहरणापरमाणं दोनशे लिटरला मोरचूद सहा किलो, चुना चार किलो. आता तरी उत्तर बरोबर हाय ना?'

मेघनाला हसू फुटलं. जळोचीतल्या घराच्या पडवीत तिचे वडील, अप्पा, मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. तिनं कौतुकानं त्यांना मेसेज वाचून दाखवला. अप्पांचा हात जागच्या जागी थांबला.

"सहा किलो? तीन टक्के व्हतंय की ते! आन् चुना कमी? मोरचुदाइतका चुना लागतो गं. कोवळ्या पाल्याला अर्धा टक्का पुरं. कुनी सांगितलं त्याला असलं?"

कुणी सांगितलं... तिनंच! उत्तर पूर्णांकात यावं म्हणून मोरचुदाच्या निळ्या खड्यांचं आणि चुन्याचं तीनास दोन हे गुणोत्तर तिनं नुसतं सोयीनं घेतलं होतं. उदाहरणातला शेतकरी कागदावरचा, त्याची बागही कागदावरची. ते वाचून कुणी खराखुरा पंप चालू करील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पंपाच्या आवाजात कुठला ऐकू यायला! तिनं वरकुट्याच्या वाटेला स्कूटी काढली.

सणसरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक ओलांडली की दुसरी, दुसरी ओलांडली की समोरून एसटी. तिच्या डोक्यात झाडं मोजली जात होती. चारशे झाडं, मिनिटाला एक... पोचेपर्यंत साठ तरी भिजणार. देवा, पंप बंद पडू दे त्याचा!

पंप काही बंद पडला नव्हता. बांधावरून ती ओरडत धावली, तेव्हा अविराज पाईप धरून नवीन ओळीत शिरत होता. तिला पाहून आधी त्याचा चेहरा फुलला.

"मॅडम? तुमी... हितं?"

"बंद करा! ते प्रमाण खोटं आहे. मी आकडे नुसते बसवले होते... झाडं जळतील!"

त्याच्या हातातली फवाऱ्याची गन खाली आली. भिजलेली किती? साठ. पाल्यावरचं निळं पाणी वाळायला लागलं होतं.

"ऊन चढायच्या आत साध्या पाण्यानं धुवायला पायजे," तो म्हणाला. "एका झाडाला तीन मिनटं. एकट्याला तीन तास."

"दोघांना दीड. आणा इकडं तो पाठीवरचा पंप."

दीड तास दोघं झाडामागून झाड धूत राहिले. पंपाचे पट्टे तिच्या खांद्यात रुतत होते, ओढणी निळी झाली होती. मध्येच त्यानं येऊन तिच्या पाठीवरचा पट्टा सैल केला, आणि तिला रडूच फुटलं.

"रागवा ना माझ्यावर."

"कशाला? कृषी केंद्रात इचारलं असतं तर धा जनांनी सांगितलं असतं. मीच इचारलं न्हाय." तो खाली बघत म्हणाला. "तुमी लिवलंवतं... म्हणून खरं धरलं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रावजी. त्यानं स्पीकर लावला. हात ओले होते.

"झाली का रं फवारनी?"

"आबा, चूक झाली. औषध कडक झालं. साठ झाडांचा पाला करपंल."

पलीकडून हळू आवाजात, "कुनाच्या सांगन्यावरनं केलंस?"

"कुनाच्या न्हाय. माझ्याच डोक्यानं."

मेघनानं फोन त्याच्या हातातून घेतला.

"आबा, तो खोटं बोलतोय. चूक माझी. मी लिहिलेलं चुकीचं प्रमाण त्यानं घेतलं. त्याला चाकणला पाठवू नका. ती साठ झाडं हिरवी होईस्तोवर दर रविवारी मी इथं कामाला येईन."

"बाकीची तीनशे चाळीस?"

"धड आहेत."

"मंग पंच्याऐंशी टक्के बाग हाय की शाबूत. एवढ्यावर कुनी चाकणला जातंय व्हय?" म्हातारा खाकरला. "पन तू कोन गं पोरी? रविवारी आमच्या रानात येनारी?"

मेघनानं अविराजकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता, निळ्या चेहऱ्यानं.

"आबा, त्यानं मला अजून काही विचारलं नाही," ती म्हणाली. "पण विचारलं, तर मी हो म्हणणार आहे."

"मंग फोन ठिवतो मी," रावजी म्हणाले. "इचारू दे त्याला."