आवडतो कोण?

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पहिल्या भेटीत तिला तो फक्त गळ्यापर्यंत दिसला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, दार सताड उघडं आणि फरशीच्या पातळीला त्याचं डोकं.

"सँडल छान आहेत," तो खालून म्हणाला, "पण माझ्या बोटांवर नकोत."

ती ओशाळून मागे सरकली. हातांचं ग्रीस पुसत तोच माणूस वरच्या मजल्यावर, इंग्रजीच्या वर्गात, तिच्या बाकावर येऊन बसला. तेव्हा तिने सँडल बाकाखाली लपवले. पुढच्या वेळी मात्र तेच घालून आली.

वर्गातल्या बाईंचा एकच धोशा असे. "आपल्याकडे 'ला' ज्याच्या शेपटीला, तो कुठेही बसला तरी ओळखू येतो. इंग्रजीत जागा बदलली की माणूस बदलतो. करणारा आधी!" ती मान डोलवायची. मान डोलवण्यात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं.

मग 'आवडणं' आलं. मनातलं एक वाक्य बनवून आणा, बाई म्हणाल्या. तिने धूर्त बेत केला. त्याच्याबद्दलच वाक्य करायचं. तो खुलला तर सोन्याहून पिवळं, नाही तर अभ्यास म्हणून खपून जाईल. आठवडाभर काचा घासता घासता ती घोकत होती. मला हा आवडतो. आवडतो कोण? हा. म्हणजे करणारा हा. तो आधी.

वर्गात ती उभी राहिली, त्याच्याकडे ओझरतं बोट केलं आणि खणखणीत म्हणाली, "ही लाइक्स मी."

"शाबास," बाई म्हणाल्या. "वाक्य अगदी बरोबर. पण हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या शिंपीणकाकूंनी शेजारणीला अर्थ सांगितला, "याला मी आवडते म्हणतेय. तोरा बघा."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तो खाली मान घालून नखांतलं ग्रीस काढत बसला होता. उलटं झालं, एवढं म्हटलं की सुटका होती. पण सुलटं काय, ते मग सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. ती गप्प बसली… आणि पुढच्या वर्गाला गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात हजर.

"वर्गाला आला नाहीत?"

"कोणत्या तोंडाने येऊ?"

"मला सगळे विचारतात, खरं का म्हणून."

"मग… काय सांगितलंत?"

"म्हटलं, तिलाच विचारा. तिला माझ्याआधी कळलंय."

तिला तो टोमणाच वाटला. कानाच्या पाळ्या तापल्या. पुसून लख्ख झालेली काच ती पुन्हा पुसू लागली. "चुकलं माझं. उलटं झालं. मी काही तोरा मिरवत नव्हते. मला म्हणायचं होतं…"

"जागा बदला ना मग. वेळ आहे मला."

मागच्या टेबलावर दुकानाचे मालक वर्तमानपत्राआड गेले. पान काही उलटत नव्हतं.

"आय…" आता नाही सांगितलं, तर जन्मभर तोरेवालीच. "आय… लाइक… हिम."

"हिम कोण?" त्याचा आवाज एकाएकी हळू झाला. "तो तर समोर उभा आहे. समोरच्याला काय म्हणतात?"

"…यू."

त्याने काउंटरवरची एक फ्रेम उचलली, उलटीच डोळ्यांना लावली, काढली. त्याची ती गडबड तिने पाहिली आणि तिला पहिल्यांदाच जरा धीर आला.

"या इंग्रजीत एक पंचाईत आहे," तो म्हणाला. "यू म्हणजे तू की तुम्ही, तेच कळत नाही."

तिने काच खाली ठेवली. शरमेने चेहरा अजून लालच होता, पण या वेळी तिने मान वर केली.

"तू," ती म्हणाली.