डावीकडून येणारा

माझ्या गाडीला मागून ठोकणारा माणूस खाली उतरला, तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. आणि तो मलाच विचारत होता, "तुम्हाला लागलं का?"

"मला काय धाड भरलीय!" मी म्हणाले. माझं डोकं बाजूच्या काचेवर आपटलं होतं, पण साधं टेंगूळसुद्धा नव्हतं. "सिग्नल लाल होता. दिसला नाही?"

"मला दिसला... ब्रेकला जरा उशिरा दिसला."

त्याचा बंपर रस्त्यात आडवा पडला होता. तो काखोटीला मारून स्वारी उभी राहिली, जणू बाजारातून घेऊनच येतेय. भर दुपारचं ऊन, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि मी मेली हसत सुटले! त्याच क्षणी त्याचं नाव मी बंपर ठेवलं.

काही दिवसांनी तो दुकानात हजर. माझं शिवणकामाचं दुकान आहे. म्हणे, कोट शिवायचाय.

"लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कोट कशाला?"

"अडकलेले लोक बाहेर आले की आधी मलाच शिव्या घालतात. कोट असला तर निदान अहो-जाहो करून घालतील."

मग तो रोजच यायला लागला. काजं-बटणं करणाऱ्या काकू दुपारी घरी गेल्या, की मग. आणि यायचा म्हणजे काय... मी मान वळवली की एकदम असायचाच. दार वाजलं नाही, चाहूल नाही.

"खाकरून तरी यावं माणसानं!" मी दचकून ओरडायची.

"केव्हाचा उभा आहे. तुम्ही बघतच नाही."

"भाव खाते म्हणा."

"खा, खा. तुम्हाला शोभतो."

मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू? पण त्याच दिवसांत दुकानात काहीतरी भलतंच सुरू झालं. टेबलावर ठेवलेली कात्री नाहीशी व्हायची. खडू नाहीसा व्हायचा. काकूंवर डाफरावं, तर त्या तिथूनच उचलून हातात द्यायच्या आणि माझ्याकडे विचित्र बघायच्या. डोकं सारखं ठणकायचं. एक बाई ब्लाउज परत घेऊन आली. म्हणाली, "एक बाही नुसती टाचून ठेवलीत." मी ब्लाउज पसरून बघितला. माझ्या डोळ्यांना तर तो अगदी व्यवस्थित दिसत होता!

त्यात एका सकाळी काकू बटण लावता लावता म्हणाल्या, "त्या तुझ्या सिग्नलला म्हणे एक माणूस गेला. गाडीतला. कपाळाला मार लागून."

बंपरच्या कपाळातलं रक्त माझ्या डोळ्यांसमोर आलं.

त्या दुपारी तो आला, बोलायला लागला आणि बोलता बोलता विरून गेला. आवाज होता, ग्रीसचा वास होता... माणूस नव्हता.

"कुठे आहात?"

"हा काय, तुमच्या शेजारी." आवाज अगदी कानाजवळ होता.

घाबरले? भयंकर. पण दुकान बंद करून पळाले नाही. कारण दुपार झाली की मी केस नीट करत होते, त्याची वाट बघत होते. तो मला हवा होता, असेल तसा. काकूंना विचारायची छाती होईना. "कोण बंपर?" म्हणाल्या असत्या तर? आणि डॉक्टरचं नावच नको. त्याच्या औषधानं हाच नाहीसा झाला असता तर मी काय करणार होते?

कोटाची ट्रायल होती त्या दिवशी मी त्याला समोर उभा केला आणि टाचण्या लावल्या.

"झालं."

"झालं? आणि ही बाही?"

"कुठली बाही?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "हा हात... दिसत नाही तुम्हाला?"

मला अर्धा कोट दिसत होता, अर्धी छाती. त्यापलीकडे अंधारसुद्धा नव्हता. नुसतं काहीच नव्हतं.

माझा बांध फुटला. "खरं सांग, तू त्या दिवशी गेलास ना?" पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं.

"कुठे?"

"वर."

"आणि तरी तू माझा कोट शिवतेस?"

"रोज येतोस ना? मग बास. राहा."

त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हळूच डावीकडे वळवला. आधी खांदा आला... मग दंड, मनगट, बोटं.

"मी पुरता आहे गं," तो म्हणाला. "तुझं डोकं आपटलं होतं त्या दिवशी?"

"जरासं."

पुढे सगळी धावपळ. डॉक्टर म्हणाले, कवटीच्या आत इतके दिवस थोडं थोडं रक्त साचत होतं. त्याच्या दाबानं डावीकडचं लक्षातच येत नव्हतं. छोटी भोकं पाडून ते काढायचं, तेही आजच.

मला शस्त्रक्रियेची भीती नव्हती. मी त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला होता. "रक्त काढलं की तूही जाशील."

"वेडी आहेस का?"

मग कोणीतरी माझी मूठ सोडवली. काकू धापा टाकत आल्या. आता विचारावंच लागणार होतं.

"काकू... माझ्या डाव्या हाताला कोणी उभं आहे?"

काकूंनी नीट वाकून बघितलं. "कोणी नाही गं बाळा."

आणि ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं.

जाग आली तेव्हा मी किती तरी वेळ डोळे मिटूनच पडून राहिले. उघडायची हिंमतच होईना. शेवटी उघडले. डावीकडे भिंत होती. भिंतीला दार होतं. दारातून तो आत येत होता, पायांपासून डोक्यापर्यंत, सगळाच्या सगळा.

"काकू म्हणाल्या, कोणी नाही," मी पुटपुटले.

"मला बाहेर काढलं होतं. नातेवाईक असाल तरच थांबा म्हणाले."

"आणि सिग्नलवर गेलेला?"

"तो दुसरा कोणीतरी, बिचारा. आपल्या नंतरचा अपघात."

"मग आता आत कसा सोडला तुला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सांगितलं... लग्न ठरलंय म्हणून. तुला विचारायचं राहिलंय, तेवढं बोललो नाही. नको असेल तर जातो मी..."

"अरे शहाण्या, मेलास असं समजूनही तुला 'राहा' म्हणाले होते. जिवंत आहेस कळल्यावर 'जा' म्हणेन होय?"

मला वाटलं, हसेल. तो पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.